कचऱ्याच्या टोपलीत बसणारा मुलगा

"ताई, माझा मुलगा आठ वर्षांचा आहे, तिसरीत शिकतो. साडेतीन वर्षांचा असल्यापासून बोलताना अडखळतो. जूनमध्ये वर्गावर नवीन बाई आल्या. त्यांनी नाव विचारलं, तर ह्याला स्वतःचंच नाव सांगता येईना. मागच्या बाकावरून कुणीतरी त्याची नक्कल केली आणि वर्ग हसला. तेव्हापासून तो शाळेत जवळजवळ बोलतच नाही. दिवाळीच्या सुट्टीत मावसभावंडांबरोबर त्याने 'टॉय स्टोरी 4' पाहिला. आता त्यातल्या फोर्कीसारखं 'मी कचरा, मी कचरा' म्हणतो. खोलीतली कागदांची टोपली रिकामी करून तिच्यात पाय दुमडून बसतो. परवा वहीच्या वेष्टनावर नावाच्या जागी 'कचरा' लिहिलेलं दिसलं. सासूबाई म्हणतात, हे सिनेमे बंद करा. सासरे म्हणतात, सगळी नाटकं आहेत, गणपतीत आरत्या म्हणताना कसा नाही अडखळत? रात्री एकटा खेळण्यांशी बोलतो तेव्हाही स्वच्छ बोलतो, हे मी दाराआडून ऐकलं आहे. लहानपणी ह्यांनाही हा त्रास होता, पण घरात तो विषय कुणी काढत नाही. मी त्याला रोज सांगते, तू जसा आहेस तसा छान आहेस, स्वतःवर प्रेम करायला शिक. तो ऐकून घेतो आणि परत टोपलीत जाऊन बसतो. सिनेमा दाखवला हे चुकलं का?"

एक आई, कोथरूड

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा त्या टोपलीपाशी थांबले. आधी तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते. सिनेमा दाखवला हे चुकलं नाही. जूनपासून त्या लेकराच्या पोटात जे साठलं होतं, त्याला शब्द सापडत नव्हता. 'मला वर्गात लाज वाटली, मला वाटतं मी बिनकामाचा आहे' हे आठ वर्षांच्या मुलाला म्हणता येत नाही. मोठ्यांना तरी कुठे येतं? दिवाळीत त्याला एक पात्र भेटलं, ज्याला हुबेहूब तसंच वाटतं. त्याने ते उचललं. चार-पाच महिने तुम्हाला जे कळत नव्हतं, ते आता घरभर ऐकू येतंय. हे ऐकू येणं त्रासाचं आहे, मला कळतं, पण शांततेपेक्षा ते पुष्कळ बरं.

ज्यांनी हा सिनेमा पाहिला नसेल त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 2019 साली आलेला हा सिनेमा. बॉनी नावाची चिमुरडी बालवाडीत पहिल्यांदा जाते तेव्हा भेदरून एकटी बसलेली असते. दप्तरात लपून आलेला वूडी नावाचा बाहुला कचऱ्याच्या डब्यातून काही वस्तू काढून गुपचूप तिच्या टेबलावर टाकतो. त्यातून ती एक खेळणं बनवते. वापरून फेकायचा, पुढे दाते असलेला चमचा म्हणजे अंग, तारेच्या लाल काडीचे हात, आइस्क्रीमची काडी मोडून केलेली दोन पावलं, आणि एक डोळा मोठा, एक लहान. हाच फोर्की. दप्तरातच तो जिवंत होतो आणि घरी येऊन पहिली धाव घेतो ती कचऱ्याच्या डब्याकडे. आपण खेळणं आहोत हे त्याला पटतच नाही. दिसला डबा की मारली उडी. आणि वूडी दर वेळी त्याला बाहेर काढतो. रात्रभर. बॉनीच्या कुशीत नेऊन ठेवतो, तो पळतो, हा पुन्हा उचलून आणतो.

आता मला ज्याच्याबद्दल बोलायचं आहे तो भाग. फोर्की चालत्या गाडीच्या खिडकीतून उडी मारतो, वूडी त्याच्यामागे उडी टाकतो, आणि दोघं रात्री हमरस्त्याच्या कडेनं चालत निघतात. त्या वाटेवर फोर्कीच्या डोक्यात उजेड पडतो. कचऱ्यात त्याला का जायचं असतं? तिथे ऊब वाटते, सुरक्षित वाटतं. आणि बॉनीला त्याच्याजवळ अगदी तसंच वाटतं. हे कळल्यावर तो स्वतःच बॉनीकडे पळत सुटतो.

इथे 'तू सुंदर आहेस, तू खास आहेस' हे कामी आलेलं नाही. वूडी 'तू कचरा नाहीस, खेळणं आहेस' हे सांगून सांगून थकलेला असतो, त्याचाही उपयोग होत नाही. फोर्की आरशासमोर उभा राहून स्वतःला पसंत करत नाही. आपण कुणाला तरी हवे आहोत, एवढं त्याला आतून कळतं, आणि ते कुणीतरी रात्रभर बरोबर चाललं म्हणून कळतं.

म्हणून 'स्वतःवर प्रेम करायला शिक' हे वाक्य तुम्ही काही दिवस बाजूला ठेवावं, असं मला वाटतं. तुम्ही ते मायेपोटी म्हणता, शंकाच नाही. पण त्याच्या कानाला ते आणखी एका गृहपाठासारखं लागत असणार. नीट बोलणं जमत नाही, वर आता स्वतःवर प्रेम करणंही जमत नाही. स्वतःला आपलं म्हणणं हे आठ वर्षांच्या मुलानं एकट्यानं उरकायचं काम नव्हे. आधी घर त्याला आपलं म्हणतं, अडखळण्यासकट म्हणतं, मग पुष्कळ दिवसांनी ते त्याचं त्याला म्हणता येतं.

आता अडखळण्याविषयी. घरातल्या वडीलधाऱ्यांनाही हे वाचून दाखवा.

बोलायला लागल्यापासून शाळेत जाईपर्यंतच्या वयात साधारण 100 पैकी 5 मुलं कधी ना कधी अडखळतात. त्यातल्या बहुतेकांचं आपोआप सुटतं, मोठेपणी 100 मध्ये एखाद्याचं राहतं. मुलींपेक्षा मुलग्यांचं राहण्याचं प्रमाण जास्त, आणि अनेक घरांत ते पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं दिसतं. जीभ जड असते, जिभेखालची शीर आखूड असते, घाबरट स्वभाव असतो, आईने लाडावलेलं असतं, ह्यातलं काहीही त्याचं कारण नाही. मेंदूकडून बोलण्याच्या स्नायूंना जे इशारे जातात, त्यांच्या वेळेचा मेळ मधेच चुकतो. भीती आणि घाई त्यात भर घालतात, पण मूळ तिथे नसतं. म्हणून आजींना सांगा, वेखंड उगाळून चाटवू नका, वैद्यांना विचारल्याशिवाय तर मुळीच नको. आणि जिभेखाली खडा किंवा गोटी ठेवायला कुणी सांगितलं तर सरळ नाही म्हणा. मुलाच्या घशात अडकली तर जिवावर बेतेल.

आजोबांचा प्रश्न मला रास्त वाटला, आणि त्याचं उत्तरही चांगलं आहे. अडखळणारी बहुतेक माणसं गाताना अडखळत नाहीत. चारचौघांबरोबर एका सुरात म्हणतानाही नाहीत. आरतीला टाळांचा ठेका असतो, शब्द ठरलेले असतात, सगळ्यांचा आवाज एकत्र असतो, पुढचा शब्द आपण एकट्यानं काढायचा नसतो. पाढे सगळ्या वर्गाबरोबर म्हटले तर तेच. उलट आजोबांनी 'सांग बरं, सतरा साते?' असं एकट्याला उभं करून विचारलं की घशाला गाठ बसते. 'सुखकर्ता दुखहर्ता' खणखणीत म्हणणारा मुलगा नाटकं करत नाही. हे असंच चालतं, आणि हे जगभर दिसून आलेलं आहे.

खेळण्यांचंही तेच. एकट्यानं बोलताना, कुत्र्या-मांजराशी, तान्ह्या बाळाशी, बाहुल्याशी बोलताना पुष्कळांचं अडखळणं कमी होतं किंवा थांबतंच. बाहुला घाई करत नाही. तो वाक्य पुरं करून देत नाही, भुवया उंचावत नाही, 'सावकाश, सावकाश' म्हणत नाही. दाराआडून तुम्ही जे ऐकलं ते मला फार मोलाचं वाटतं. तुमच्या मुलाला कसा ऐकणारा हवा आहे, हे तो रोज रात्री सांगतोय.

इथे माझं एक सांगते. मी तीस वर्षं लहान मुलांना शिकवलं. माझ्या वर्गात असाच एक मुलगा होता. तो अडला की मी पुढचा शब्द पुरवायची. मला वाटायचं, मी त्याची सुटका करते. दोन महिन्यांनी एक दिवस तो माझ्या टेबलापाशी आला आणि बराच वेळ घेऊन म्हणाला, "बाई, मला वेगळं म्हणायचं होतं." दोन महिने मी त्याच्या तोंडी माझी वाक्यं घालत होते आणि तो मान डोलावत होता. त्या दिवसापासून मी वाट पाहायला शिकले. ते अवघड आहे. मूल एका अक्षरावर अडकतं, त्याची मान ताठते, डोळे मिटतात, आणि आपल्या ओठांवर तो शब्द आलेला असतो. तो गिळायचा. नजर हटवायची नाही, केविलवाणा चेहरा करायचा नाही. त्याचं बोलून झालं की एक श्वास जाऊ द्यायचा आणि मग उत्तर द्यायचं, तेही आपल्या नेहमीच्या पुणेरी वेगात नको. तुम्ही संथ बोललात की त्याच्यावरची घाई आपोआप उतरते. 'श्वास घे', 'आधी विचार कर', 'परत म्हण' हे तिन्ही बंद. 'आज किती छान बोललास!' हेसुद्धा बंद, कारण त्याचा अर्थ त्याला बरोबर कळतो, की काल मी वाईट बोललो. तो काय बोलला त्यावर बोला. गोष्ट सांगितली असेल तर गोष्टीला हसा.

दिवसातली दहा मिनिटं फक्त त्याची ठेवा. मोबाइल दुसऱ्या खोलीत, कुकरच्या शिट्ट्या नंतर मोजा. खेळ त्याने निवडायचा, बोलायचं की नाही हेही त्याने ठरवायचं.

नावाचं मात्र वेगळं आहे. तुम्ही लिहिलंत की 'स्वतःचंच' नाव सांगता येईना, जणू तेच सगळ्यात सोपं असायला हवं. अडखळणाऱ्याला बहुधा तेच सगळ्यात अवघड जातं. 'पाणी' अडलं तर ही मुलं 'तहान लागली' म्हणून वाट काढतात, ह्यात ती भारी तरबेज असतात. नावाला दुसरा शब्द नसतो. शिवाय नाव विचारल्यावर लगेच यावं अशी समोरच्याची अपेक्षा असते. म्हणून हजेरी, फोन, 'बाळ, नाव काय तुझं?' म्हणणारे पाहुणे, हे त्याच्यासाठी घाट चढण्यासारखं आहे. आणि हाच मुलगा वहीवर नावाच्या जागी 'कचरा' लिहितो. मला ह्यात नवल वाटत नाही. जे नाव उच्चारताना वर्ग हसला, ते त्याला नकोसं झालंय.

आता शाळा. वर्गशिक्षिकेला भेटा, तक्रारीच्या सुरात नको, पण स्पष्ट बोला. हजेरीला तोंडानं 'हजर' ऐवजी हात वर केला तर चालेल का, प्रकट वाचन एखाद्या मित्राबरोबर जोडीनं करता येईल का, तोंडी परीक्षेत वेळ वाढवून मिळेल का, हे विचारा. मात्र त्याला बोलण्यातून कायमचं वगळू नका असंही सांगा, नाहीतर त्याचा अर्थ 'तुझं ऐकायचं नाही' असा होतो. काय हवं ते आधी मुलाला विचारून जा, त्याच्या पाठीमागे ठरवू नका. नक्कल झाली तर ती थांबवणं हे बाईंचं काम आहे, मुलानं सोसायचं काम नाही.

आणि वाचा-उपचारतज्ज्ञाकडे ह्याच महिन्यात जा. साडेतीन वर्षांपासून आठपर्यंत टिकलंय, वर शाळेत बोलणं थांबलंय, म्हणजे 'वाट पाहू, सुटेल' ह्याची वेळ गेली. पुण्यात पर्याय आहेत. भारती विद्यापीठाचं ह्याच विषयाचं महाविद्यालय इथेच आहे, मोठ्या रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागांतही चौकशी करता येईल. 'महिन्यात पूर्ण बरा करतो' अशी हमी देणाऱ्याकडे जाऊ नका. चांगला तज्ज्ञ मुलाशी बोलेल, तुमच्याशीही बोलेल, आणि अडखळलं तरी बोलत राहण्याचं बळ देईल. टोपलीत बसणं आणि 'मी कचरा' हेही त्यांना सांगा. शाळेत जायला नकार, झोप उडणं, जेवण तुटणं, स्वतःला इजा करण्याची भाषा असं काही दिसलं तर बालमानसोपचारतज्ज्ञाला लगेच दाखवा.

पण ताई, तुमच्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय. लहानपणी ह्यांनाही हा त्रास होता. ह्या घरात एक माणूस असा आहे की ज्याला वर्गात उभं राहिल्यावर घशात काय होतं ते ठाऊक आहे, आणि तोच गप्प आहे. मुलाला वाटतंय, अख्ख्या जगात असा मी एकटाच. तुमच्या यजमानांना कदाचित वाटत असेल, बोललं तर वाढेल. किंवा ती आठवण त्यांनाच अजून दुखत असेल. त्यांना दोष देऊ नका. फक्त हे पत्र त्यांच्यासमोर ठेवा.

आणि मी त्यांनाच थेट विनंती करते. दादा, एका रविवारी सकाळी मुलाला घेऊन वेताळ टेकडीवर जा. समोरासमोर बसून नको, बरोबरीनं चालत बोला. चालताना नजरेला नजर द्यावी लागत नाही, मधल्या गप्प राहण्याचं ओझं होत नाही. उपदेश करू नका. 'तू कचरा नाहीस' असंही म्हणू नका, तो वाद आहे आणि वादात तो जिंकेल. तुमच्याबाबतीत घडलेली एक गोष्ट सांगा. कुठल्या अक्षरावर अडायचात, कोण हसलं होतं, घरी येऊन काय केलं होतं. आजही कधी अडत असेल, तर तेही त्याला सांगा. बोलताना अडखळलात तर सावरून घेऊ नका. त्याला ते ऐकू द्या. तो काहीच बोलला नाही तरी चालेल, खाली उतरून दोघं गरम पोहे खा आणि घरी या. पुढच्या रविवारी परत जा.

राहिला कचरा. ह्या शब्दाला घरातून हाकलू नका. टोपली लपवू नका, वहीवरचा शब्द रागानं खोडू नका. तो टोपलीत बसला की तुम्हीही शेजारी फरशीवर बसा. विचारा, "आत कसं वाटतं?" उत्तर नाही आलं तर नाही.

आणि त्याला एक माणूस दाखवा. अरविंद गुप्ता. आयआयटी कानपूरला शिकलेले इंजिनिअर. त्यांनी आयुष्यभर फेकून द्यायच्या वस्तूंपासून मुलांसाठी खेळणी बनवली. आपल्या पुणे विद्यापीठाच्या आवारात आयुका ही खगोलशास्त्राची संशोधन संस्था आहे, तिथल्या मुलांच्या विज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षं काम केलं. 2018 साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची पुस्तकं आणि खेळण्यांच्या चित्रफिती इंटरनेटवर फुकट आहेत, मराठीतूनही आहेत. त्यातलं एक आज रात्रीच करून बघा. सायकलच्या दुकानातून हातभर व्हॉल्व्ह ट्यूब आणा, ती बारीक रबरी नळी. काडेपेटीतल्या काड्यांचं गूल तुम्हीच खरवडून काढा. नळीचे बोटाच्या पेराहून लहान तुकडे कापा आणि दोन काड्यांची टोकं दोन्ही बाजूंनी आत सरकवा. झाला सांधा, हवा तसा वाकतो. चार काड्यांचा चौकोन करा आणि बोटानं ढकला, तो लगेच कलंडून तिरका होतो. तीन काड्यांचा त्रिकोण करा आणि ढकला. हलत नाही. मुलाला काही समजावू नका. त्याच्या बोटांना ते कळू द्या. ह्या खेळात बोलावं लागत नाही, आणि हात गुंतले की बोलणं पुष्कळदा आपणहून येतं.

काही दिवसांनी त्याला वाटलं तर त्याच टोपलीतून सामान काढून तो स्वतःचा फोर्की बनवेल. तुम्ही सुचवू नका. बनवलाच, तर एक तपशील लक्षात ठेवा. सिनेमात बॉनी त्या आइस्क्रीमच्या काडीच्या पावलांवर स्वतःचं नाव लिहिते. 1995 सालच्या पहिल्या सिनेमापासून ही रीत आहे, वूडीच्या बुटाच्या तळाशीही त्याच्या तेव्हाच्या मालकाचं, अँडीचं नाव होतं. खेळण्याच्या तळव्यावर नाव असतं ते ज्याला ते हवं आहे त्याचं. तुमच्या मुलाने बनवलेल्या खेळण्याच्या पावलांवर नाव लिहायची वेळ आली की पेन त्याच्या हातात द्या आणि दुसरीकडे बघा. काय लिहायचं ते त्याला ठरवू द्या.

सासूबाईंना सांगा, सिनेमा बंद करायचा नाही. तो पुन्हा बघायचा, ह्या वेळी सगळ्यांनी एकत्र, आजी-आजोबांसकट. हमरस्त्यावर दोघं चालतात तो प्रसंग आला की कुणी काही बोलू नका, कुणी त्याच्याकडे वळून बघू नका. त्याचे बाबा शेजारी बसलेले असले म्हणजे झालं.

मला पुन्हा पत्र लिहा. टेकडीवर काय झालं ते कळवा.